कराळ सरदाराचा चहा

खेळात कुणी चहाची टपरी टाकतं का, सांगा बरं! समोर मी किल्ला उभा केलाय, किल्ल्यात चाळीस माणसं घेऊन बसलेला कराळ सरदार आहे, खाली त्यानं वेठीला धरलेलं गाव आहे, आणि ही बाई म्हणते, "मी वेशीपाशी टपरी टाकते. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देते." मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आजही तो तिथून फारसा खाली उतरलेला नाही, आमच्या घरच्यांना विचारा. पण त्या टपरीपायी मी जे करून बसले ते इतक्या वर्षांत कुणाला धड सांगितलेलं नाही. आता गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी शिरूर सोडून दौंडला मावशीकडे होते. शिरूरला कॉलेज नव्हतं अशातला भाग नाही. पण आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात, आणि माझं तोंड एकटं चौघांचं. आप्पा एसटी डेपोत मेकॅनिक; दिवसभर गाड्यांचा आवाज ऐकून यायचे आणि घरी माझा. शेवटी मावशीच म्हणाली, "द्या हिला माझ्याकडं. तिथं दोन बुकं तरी वाचंल." तिथं म्हणजे रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर, उंच छताचं, पुढं पेरूचं झाड. शंटिंगचं इंजिन गेलं की मांडणीवरचे पेले किणकिणायचे. काका मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या ड्यूटीला ना वेळ ना काळ. रात्रभर गाडीवर आणि दिवसा घरात झोपलेले. त्यामुळं त्या घरात सगळं हळू चालायचं. दारं हळू, चपला हळू. कुकरची शिट्टी वाजायच्या बेतात आली की मावशी उलथन्यानं ती वर उचलायची आणि वाफ फुस्स करून सोडून द्यायची. माझ्यासारखीला तिथं पाठवणं ही शिक्षाच म्हणायची, पण मी तिथं सुखात होते. कारण दर रविवारी दुपारी त्या घरात आम्ही खेळ मांडायचो.

हा खेळ आणला माझ्या मावसभावानं, विक्रमनं. त्याच्या कुणा मित्राचा भाऊ पुण्याला होस्टेलवर होता, त्याच्याकडून झेरॉक्सच्या पन्नासेक पानांची गड्डी आणि फाशांची एक पिशवी आली. वीस बाजूंचा फासा मी जन्मात पहिल्यांदा बघितला. खेळ असा: एकानं गोष्ट चालवायची, त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं, त्या माणसाचं नाव-गाव, ताकद, अक्कल सगळं एका पानावर लिहायचं. सूत्रधार सांगणार समोर काय आहे, तुम्ही सांगायचं तुमचा माणूस काय करतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. सूत्रधार अर्थातच मी. पानं इंग्रजीत होती, आणि डिक्शनरी घेऊन बसायचा चिकटपणा माझ्याच अंगात होता. कॅरमबोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवर मी खडूनं किल्ला काढायची, मावशी भडंगाची परात आणून ठेवायची, आणि पडद्यापलीकडं काका झोपलेले म्हणून आमच्या सगळ्या लढाया कुजबुजत व्हायच्या. "मार... मार त्याला..." असं विक्रम दात-ओठ खात, आवाज न काढता ओरडायचा. बघणाऱ्याला वाटलं असतं, घरात कुणी आजारी आहे.

खेळणारे तिघं. विक्रमला फक्त लढाई हवी. तलवार उपसायला मिळाली नाही की तो भडंग जास्त खायचा. संतोष म्हणून एक त्याच्या वर्गातला होता, त्याला नियम हवेत. कुठल्या बाजूनं वार केला तर किती गुण, चिलखत ओलं असलं तर किती वजा, असं तो पानं उलटत तासभर बोलू शकायचा. आणि तिसरी प्रज्ञा, तीन क्वार्टरं सोडून राहणारी, माझ्या वर्गातली, दौंडातली माझी एकुलती एक मैत्रीण. कॉलेजला जाताना सोबत, येताना सोबत, डबा अर्धा-अर्धा. माझं तोंड वाजायला लागलं की ती नुसती बघत राहायची आणि मग म्हणायची, "झालं? चल आता." तेवढ्यानं माझा पारा उतरायचा. असं माणूस नंतर मला फार कमी वेळा भेटलं.

तर प्रज्ञानं टपरी टाकली. आधी मला वाटलं, गंमत करतेय. पण दर रविवारी तिचं तेच. विक्रमचा योद्धा आणि संतोषचा वैद्य किल्ल्याच्या तटाला भिडलेत आणि ही विचारतेय, "आज वाटेनं कोण आलं?" मग मला काहीतरी बनवून सांगावं लागायचं: एक मेंढपाळ आला, एक म्हातारी सुईण आली. ती त्यांना बसवायची, इकडचं तिकडचं विचारायची आणि शेवटी हमखास तिचा प्रश्न: "चहा कसा घेता? साखर किती?" मी तोंडाला येईल ते सांगायची आणि ती ते एका वहीत लिहून ठेवायची. शंभर पानी वही, वर तपकिरी कव्हर. मेंढपाळ: गूळ घालून, आलं जास्त. सुईण: कोरा, बशीत. पुढच्या खेपेला तोच मेंढपाळ आला तर ती न विचारता गुळाचा चहा पुढं करायची आणि तिचं तोंड असं खुलायचं की जणू खरंच कुणी उन्हातून येऊन बसलंय. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. मी आठवडेच्या आठवडे रात्री जागून कराळ सरदाराचा सगळा इतिहास लिहिलेला, त्याला कुणी फितवलं, त्याचा भाऊ कसा मेला, त्याच्या घोड्याचं नाव काय. आणि हिला सुईणीच्या बशीचं पडलंय! विक्रम जांभया द्यायचा, संतोष म्हणायचा, "चहाला नियमच न्हाई पुस्तकात." आणि त्या जांभया मला माझ्या गोष्टीला दिल्यासारख्या लागायच्या. आज कळतं, तिघांनाही तीन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या आणि चौथी मला. पण तेव्हा मला वाटायचं, खेळायची बरोबर रीत एकच, ती मला येते, आणि बाकीच्यांना ती शिकवायची आहे.

त्यात काकांच्या बदलीचा कागद आला. मनमाडला जायचं, आमच्या परीक्षा झाल्या की क्वार्टर रिकामं करायचं. मी बसून रविवार मोजले, तर उरले होते जेमतेम पाच. एवढ्यात किल्ला पडायला हवा, कराळ मरायला हवा, गोष्ट पुरी व्हायला हवी. आणि वाटेत उभी कोण, तर टपरी. मी मनाशी ठरवलं की टपरीच ठेवायची नाही, म्हणजे ही आपोआप तलवार हातात घेईल. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. शप्पथ सांगते, मला वाटलं ती चिडून लढायला उठेल आणि नंतर म्हणेल, काय मजा आली!

त्या रविवारी भडंगात मावशीनं लसूण जरा जास्त घातला होता, खोलीभर वास. मी सुरू केलं. "कराळची बारा माणसं गड उतरून आली. टपरीपुढं उभी राहिली." प्रज्ञा म्हणाली, "बसा म्हणते त्यांना. चहा कसा..." मी तिला पुरं बोलूच दिलं नाही. "ते बसत नाहीत. पातेलं लाथाडतात. उकळता चहा मेंढपाळाच्या अंगावर." विक्रम सरसावून बसला. प्रज्ञा म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलते. फासा टाकते." मी म्हणाले, "बोलायला वेळच नाही. छपराला आग लागली." ती माझ्याकडं बघायला लागली. तिला कळलं होतं की हे कराळ करत नाहीये, मी करतेय. तिनं मूठ वळली, ओठांना टेकवली आणि हळूच म्हणाली, "टाइमप्लीज."

आता हे कुणाला समजावून सांगायला नको. पकडापकडीत, लंगडीत, डबा ऐसपैसमध्ये, बूट सुटला, काटा रुतला, दम लागला, की मूठ ओठांना लावून टाइमप्लीज म्हणायचं. मग राज्य घेणारा कितीही जवळ आलेला असो, त्यानं हात लावायचा नाही. चार वर्षांचं पोरसुद्धा ते पाळतं. मी पाळलं नाही. मी म्हणाले, "ते लहान पोरांचं. इथं चालत नाही." आणि तिथंच थांबले असते तरी एक वेळ भागलं असतं. पण आमच्या खेळात कुणाचं कॅरेक्टर मेलं की त्याच्या पानावर लाल पेनानं काट मारायची पद्धत होती. मी प्रज्ञाच्या मांडीवरची ती तपकिरी वही ओढली, "टपरी जळाली, वही पण जळाली" म्हणाले, आणि उघडून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल काट मारली. एका पानावर नाही, चार-पाच पानांवर. पेनाचा आवाज कर्रकर्र येत होता. ती "देऽ" म्हणून एका हातानं वहीला झोंबली आणि मी सगळं कुजबुजणं विसरून ओरडले, "खेळायचं तर नीट खेळ, नाहीतर भातुकली मांड घरी जाऊन!"

पडदा बाजूला झाला. काका बनियनवर उभे, डोळे लाल, केस उभे. मावशी स्वयंपाकघरातून पळत आली. काकांनी एकेकाकडं बघितलं, प्रज्ञाची मूठ अजून ओठांशी होती ती बघितली. मला वाटलं, आता आवाजावरून खरडपट्टी. ते म्हणाले, "थांब म्हणली का ती?" मग विक्रम, माझाच मावसभाऊ, ज्याच्यासाठी म्हणून मी ही लढाई घडवून आणली होती, त्यानं हातातला फासा कॅरमबोर्डवर ठेवला आणि म्हणाला, "टाइमप्लीज म्हणली व्हती. हिनं ऐकलं न्हाई." काका मला म्हणाले, "आमच्यात लाल झेंडी दिसली की गाडी उभी करायची. कुणी दावली, कशापायी दावली, ते गाडी उभी राह्यल्यावर. कळलं का?" आणि पडदा ओढून परत आत गेले. प्रज्ञानं वही उचलली, दारात चपला घातल्या, नेहमीच्या सवयीनं दार आवाज न करता लावलं आणि गेली.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. कॉलेजला ती पाच मिनिटं आधी निघायला लागली, बाकावर दुसरीशेजारी बसायला लागली. डबा मी एकटी खायची. मावशीच्या हातची शेंगदाण्याची चटणी, पण अर्धा डबा तसाच परत यायचा. खेळ मांडून बघितला आम्ही. विक्रमला लढाईच लढाई मिळाली, आणि तासाभरात तोच म्हणाला, "बोअर होतंय गं. मारायचं, परत मारायचं." संतोषनं पानं उलटली नाहीत. मला कळत होतं की उरलेले रविवार एकेक करून चाललेत, क्वार्टर जाणार, आणि प्रज्ञा आता गेली तर कायमचीच जाणार. तरी माझी जीभ उचलेना. माफी मागायला मला फार त्रास होतो. अजून होतो.

मधे दोन दिवस सुट्टी आली म्हणून मी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं शिरूरला गेले. आई भाकरी थापत होती, मी तिला अर्धंमुर्धं सांगितलं. ती म्हणाली, "आसंल तिच्या घरात कायतरी. उगं कशाला येवढं मनाला लावून घील ती?" झालं! मला पाहिजे ते मिळालं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून प्रज्ञाचं सगळं दुःख रचून काढलं. तिच्या घरी कटकटी असणार, कुणी दारू पीत असणार, म्हणून तिला भांडणतंटा सोसत नाही, म्हणून बिचारीला शांत टपरी हवी. दौंड येईपर्यंत मला तिची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि माफी मागणं एकदम सोपं वाटायला लागलं.

तिच्या क्वार्टरवर गेले. तिचे पप्पा टीसी, मम्मी नगरपालिकेच्या शाळेत बाई. पुढच्या खोलीत भिंतभर पुस्तकांचं कपाट. आमच्या अख्ख्या लाइनीत मिळून तेवढी पुस्तकं नसतील. त्या कपाटासमोर उभी राहून मी काय बोलले? म्हणाले, "प्रज्ञा, माझं चुकलं. तुझ्या घरी काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. मला आधी सांगायचंस ना."

ती म्हणाली, "काय चाललंय माझ्या घरी?"

"म्हणजे... काही त्रास असेल ना. त्याशिवाय कुणी..."

"माझ्या घरी सगळं बरं चाललंय. पप्पा आत पेपर वाचतायत, मम्मी वह्या तपासतेय. धाकटा माठ आहे, पण तुझा विक्रमपण माठच आहे." तिचा आवाज चढत नव्हता, आणि म्हणूनच मला धडकी भरली होती. "मला टपरी आवडते म्हणून मी टपरी टाकली. लोक येतात, बसतात, बोलतात, ते मला आवडतं. विक्रमला मारामारी आवडते, त्याला तू विचारलंस का कधी, तुझ्या घरी काय झालंय म्हणून? मग मलाच का? नुसतं आवडतं, हे पुरत नाही? आणि आमच्याच घरात काहीतरी रडगाणं असणार, हे तुला कशावरून वाटलं गं?"

त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. कॉलनीत जयंतीला कुठल्या दारावर निळे झेंडे लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुठल्या घराबद्दल काय धरून चालायचं हेही न शिकवता शिकवलेलं असतं. मी ते बोलले नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, तिला ते दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही हे लिहिताना कानशिलं तापलीत. मी एवढंच म्हणाले, "तुझ्याकडं कारण असलं पाहिजे असं मला वाटलं. नसलं तरी मी थांबायला हवं होतं. टाइमप्लीज म्हणालीस, तिथंच." आतून तिची मम्मी म्हणाली, "प्रज्ञा, कोण आलंय? बसायला तरी सांग." तिनं मला बसायला सांगितलं नाही. मी आल्या पावली परत फिरले.

शेवटचा रविवार. अर्धं सामान खोक्यांत बांधून झालेलं, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. मावशी म्हणाली, "मांडा की आज तरी. कॅरमबोर्ड उद्या ट्रकात जायाचा हाय." आम्ही तिघं परातीभोवती तोंडं पाडून बसलो होतो. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. प्रज्ञा उंबऱ्यात उभी, काखेत तपकिरी वही. ती कुजबुजत म्हणाली, कारण काका झोपलेले होते, "पहिला अर्धा तास टपरी. जांभई द्यायची नाही. मग अर्धा तास तुमची लढाई, मी पण वही मिटून बघेन. कबूल?" विक्रम म्हणाला, "कबूल. माझा योद्धा बाहेर बाकड्यावर बसंल. तलवार मांडीवर ठेवून." संतोष म्हणाला, "चहाचे नियम मी केलेत. कडक असला तर दोन गुण जास्त." बघा, हा तीन आठवडे तेच करत होता आणि मला बोलला नव्हता! प्रज्ञा माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि तू?" मी मूठ ओठांना लावून दाखवली आणि म्हणाले, "कुणीही, कधीही. मी थांबेन."

ती बसली. वही उघडली. लाल काट मारलेली पानं तिनं फाडली नव्हती; ती उलटून पुढचं कोरं पान काढलं. "मी टपरी परत उभी केलीय," ती म्हणाली. "बांबू नवे, छप्पर जुन्याच पत्र्यांचं. आज वाटेनं कोण आलं?" मेंढपाळ आला असं मी सांगणार होते. हातावर भाजल्याचा डाग घेऊन. पण तोंडातून निघालं, "कराळ सरदार. एकटाच. घोडा लांब बांधून आलाय." विक्रमचा हात फाशाकडं गेला, त्यानं तो मागं घेतला. खोलीत कुकरची वाफ फुस्स करून सुटली तेवढाच आवाज. मला वाटलं, आता ही हाकलून देईल त्याला. ज्यानं जाळलं त्याला हाकलायचा तिला हक्कच होता, आणि कराळच्या जागी टपरीपुढं मीच उभी होते हे आम्हां दोघींनाही कळत होतं.

प्रज्ञानं पेनाचं टोपण काढलं. "बसा म्हणते," ती म्हणाली. "चहा कसा घेता? साखर किती?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कराळची चाळीस माणसं मला नावानिशी पाठ होती. त्याचा भाऊ कुठल्या वळणावर मेला ते पाठ होतं, घोड्याचं नाव पाठ होतं. पण आठ महिने ज्याला मी रात्री जागून घडवलं होतं, तो चहा कसा घेतो ते मला माहीत नव्हतं. मला कधी विचारावंसं वाटलंच नव्हतं. तोंडाला येईल ते सांगता आलं असतं, इतके दिवस तेच तर करत होते. पण त्या दिवशी ते करवेना. मी म्हणाले, "थांब. मला माहीत नाही."

तिनं मान हलवली, घाई केली नाही, आणि वहीत लिहिलं. तिची लिहायची पद्धत अशी की मला उलट्या बाजूनंही वाचता यायचं. कराळ सरदार: अजून सांगितलं नाही. परत विचारणे.